त्यांना चालायची सवय आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच. आणि तुम्हाला सांगतोय म्हणून माझी कीव करायला बसू नका — मला ती नको.

जळगाव जामोदच्या बाहेर, सडकेला लागून आमची वस्ती. मायबाप नव्हते, भाऊ-वहिनीनं वाढवलं. वहिनी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत जायची. एस.टी. तिच्या अंगावर धूळ उडवत जायची, वस्तीपाशी थांबायची नाही. त्या पाटीवर मी बी.ए. झालो. वस्तीत पहिला. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

लपवलं ते दुसरंच.

कचेरीत नोकरी लागली, तेव्हा वहिनीला वाटायचं, भाऊजीही चालतच जातात. मी जायचो उलटा — मागच्या गावच्या थांब्यावर. तिथून गाडीत चढायचो, त्याच गावचा असल्यासारखा. वस्ती आली की मान दुसऱ्या खिडकीकडे. आता कळलं, मी कसला माणूस होतो?

मग एस.टी.चे एक साहेब वस्तीत आले. थांबा द्यावा का, हे बघायला. वहिनी पुढं झाली. "सायेब, बजारात पोचेस्तोवर भाजी सुकून जाते. मंग ते गिऱ्हाइकाले द्यावं, का बकरीले?" बायका खदखदून हसल्या. साहेबही हसले — पण तिच्या गावठी बोलीला. मला मेल्यासारखं झालं. ही रोज माझ्या गाडीत चढणार? सगळ्यांदेखत 'भाऊजी' म्हणून हाक मारणार?

"आमच्या भाऊजीले इचारा ना," ती म्हणाली. "बी.ए. हायेत!"

साहेबांनी मला जीपपाशी नेलं. मी पुस्तकी मराठीत म्हणालो — "पाट्यांनी गाडी घाण होईल, साहेब. आणि त्यांना चालायची सवय आहे."

मागाहून वहिनीनं विचारलं, "सांगलं ना बराबर?"

"सांगितलं," मी म्हणालो.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती चालली. मी खिडकीत बसून तिला मागं टाकत गेलो.

शेवटी एका सकाळी बायकांनी पाट्या सडकेवर आडव्या मांडल्या. ड्रायव्हर ओरडला, हॉर्न वाजवला. एकही पाटी हलली नाही. वहिनी गाडीत चढली आणि मला बघून थबकली. वस्तीत न थांबणाऱ्या गाडीत मी आधीच बसलेलो होतो. ती काही विचारेल म्हणून मी थिजलो. तिनं पाटी पायाशी ठेवली, कंडक्टरकडे वळली.

"हे आमचे भाऊजी. यायनंच सायबाले सांगलं होतं आमच्यासाठी." मग माझ्याकडे न बघता — "सरका."

मी सरकलो.

थांबा झाला. गाडी आता तिथं रोज थांबते. बायकांनी मिळवला तो.