माझा जोडीदार पीत नव्हता

उद्या सकाळी पहिल्या बसने उमरेडला जायचं आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि मला एका जागी बसवत नाही. सूनबाईने दोनदा हाक मारली, "बाबा, जेवून घ्या." कसला जेवतो! या वयात छातीत असं धडधडलं की माणूस घाबरतो; मला मात्र आज बरं वाटतंय. जायच्या आधी सगळं जसं झालं तसं लिहून काढतो.

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघं प्लास्टरचे मिस्त्री. बांबूच्या एकाच परांचीवर तो डावीकडून, मी उजवीकडून. भिंतीत दोघांचे हात कुठे मिळाले ते दिसू नये, यातच आमची इज्जत. माझा जोडीदार पंचशील घेतलेला माणूस. रविवारी विहार चुकवायचा नाही. दारूच्या थेंबाला तो कधी शिवला नाही. हे वाक्य मी फार उशिरा लिहितोय.

एका हिवाळ्यात तो मध्येच थांबायला लागला. थापीवर माल घेऊन नुसता भिंतीकडे बघत राहायचा.

"काय झालं गा?"

"काही नाही. हातच उठून नाही राहिला."

झोप गेली, भूक गेली. रेजांच्या, म्हणजे माल वाहणाऱ्या बायांच्या थट्टेला सगळ्यांत आधी हसणारा माणूस, पण आता त्याला ती ऐकूही यायची नाही. मग खापरखेड्याच्या वाटेवर एका इमारतीचं काम चालू होतं, तिथे भर दुपारी तो परांचीच्या कडेला गेला आणि बांबूवरचा हात त्याने सोडून दिला. मी कमरेला मिठी घालून त्याला आत ओढलं. दोघंही फळीवर आदळलो. खालून ठेकेदार ओरडला, "काय तमाशा लावला रे वर?"

मी ओरडलो, "काही नाही शेठ, रातची उतरली नाही याची!"

खाली हशा पिकला. ठेकेदार म्हणाला, "निंबू चाटव त्याले! उद्या चांगला होऊन ये म्हणाव."

काम टिकलं. सकाळी ज्या चौकात मिस्त्री आणि मजूर काम मिळायची वाट बघत उभे राहतात, त्याला आम्ही ठिय्या म्हणतो. तिथे दारुड्याला दुसऱ्या दिवशी काम मिळतं. डोक्यात फरक पडलाय असं कुणाबद्दल कळलं, तर त्याला कोणी वर चढू देत नाही. जोडीदाराला वाचवलं, असंच मला वाटलं. मग तो आला नाही की मी तेच सांगायचो. माझ्या तोंडाला त्याची सवयच लागली.

ते त्याच्या घरापर्यंत गेलं. बायको रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची. वास यायचा नाही, पण जोडीदार सांगतो म्हणजे खरंच असणार! विहारात दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणायची वेळ आली की मागून कोणीतरी मुद्दाम खाकरायचं. त्याच्या मुलीचं लग्न तिच्या मामाने उमरेडला आपल्या दारात लावलं. बाप पिऊन गोंधळ घालेल म्हणून त्याला मागे, मंडपवाल्याच्या सामानापाशी बसवलं. शेजारी मी बसलो होतो. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. पुढे त्याची बायको वारली, तीही तेच मनात घेऊन.

तो स्वतः काहून बोलला नाही? एकदा मी विचारलं. म्हणाला, "बेवड्याच्या पोरीले स्थळ भेटते गा. पगल्याच्या पोरीले नाही भेटत."

अलीकडे तो आपणच सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरबाईंकडे जायला लागला. गोळ्या घेतो, बोलतो, आता हसतोही. त्याच बाई आज सकाळी ठिय्यावर आल्या होत्या. बांधकामावरच्या माणसांच्या मनाचं दुखणं लपून राहतं, त्याबद्दल चार शब्द सांगायला. बाईंनी त्यालाच उभं केलं; मी गर्दीत बसलो होतो.

"मले काही वर्षं लय उदास वाटे," त्याने सुरुवात केली.

गर्दीतून एक सेंट्रिंगवाला ओरडला, "उतरल्यावर सगळ्यायलेच वाटते, बाबा!"

दुसरा म्हणाला, "हा बुढा तं जुना बेवडा होय. याचं काय ऐकता मॅडम?"

सगळे खिदळले. तो तसाच उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाहिलं असतं, तर कदाचित मी पुन्हा खाली मान घातली असती. मी उठलो. गुडघा करकरला, पण आवाज मात्र परांचीवरून द्यायचो तसाच निघाला.

"खोटं होय ते! यानं कधी घेतली नाही. मी सांगत होतो सगळ्यायले. मी!"



"काहून सांगत होते?" सेंट्रिंगवाल्याने विचारलं.

"बेवड्याले तू उद्या संग कामाले घेशील. जो रडून राहिला त्याले घेशील का?"

यावर कोणी हसलं नाही. डोक्यावरचं घमेलं उतरल्यासारखं मला हलकं वाटलं. मग मी परांची, बांबू, मुलीचं लग्न, सगळं सांगितलं. मी थांबलो आणि पुढचं माझ्या जोडीदाराने सांगितलं, त्या दिवसांत आत काय चालायचं ते. लोक जवळ सरकून ऐकत होते. शेवटी तोच सेंट्रिंगवाला बाईंजवळ गेला. "माह्या साळ्यासाठी विचारून राहिलो," म्हणाला.

"झोप लागते का त्यांना?"

"नाही लागत मले... त्याले."

बाईंनी चेहऱ्यावर काही न दाखवता त्याला स्टूल दिलं.

कोणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. आम्ही चहा पीत होतो तोवर ते उमरेडला मुलीपर्यंत पोचलं. तिचा फोन आला.  म्हणाली, "काका, आई होती तेव्हा सांगायचं होतं."

मी पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो, तर तिने थांबवलं. 

"आता मोबाईलमध्ये नका सांगू. इकडे या दोघंही. मामासमोर सांगा, माझ्या सासरच्यांसमोर सांगा. बाबांना मी पुढे बसवते."

जोडीदार आत्ता येऊन गेला. उद्यासाठी इस्त्रीचा सदरा काढलाय म्हणाला, आणि लग्नाला निघाल्यासारखा खुशीत होता. मी म्हटलं, "मामासमोर बोलताना माझा गळा भरून आला तं?"

"तिथं रडू नको गा," तो म्हणाला, "म्हणतील, आज हा पिऊन आला."