माझ्या बैठकीतला समुद्र

सर्वांनी कृपया शांत व्हावे, घोषणा गंभीर आहे: भिलाईला एकेकाळी समुद्र होता, आणि तो माझ्या बैठकीत होता. परवा माळ्यावरून जुना पंप काढला, त्याला अजून तो खारट वास होता, आणि सगळं आठवलं. स्टील प्लांटमधला माझा जिवलग मित्र आणि मी, आम्ही वर्षभर नकाशे काढून पलंगाएवढी काचेची टाकी उभी केली. स्टँड त्याने स्वतः वेल्ड केला, असा की वर रेल्वेचं इंजिन ठेवावं. मीठ कालवून समुद्राचं पाणी मी केलं. निळ्या दिव्याखाली पोवळी फुलली, केशरी मासे त्यांत लपाछपी खेळू लागले, त्यातला पांढरा पट्टा मधेच तुटलेला एक माझा लाडका झाला, आणि मी संध्याकाळचा चहा तिथेच घेऊ लागलो. मग मित्राच्या जाणत्या नजरेला एकेक जीव आजारी दिसायला लागला. तो बादलीतून पेशंट उपचाराला घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पडेल आवाजात सांगायचा, "गेला रे. तू पाहू नको, तुले सहन नाही होणार." मी प्रत्येकासाठी एक वेळ उपाशी राहिलो. टाकीत नुसतं पाणी उरलं. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन त्याच्याकडे गेलो, तर बैठकीत निळा उजेड, आणि त्यात तोच तुटक्या पट्ट्याचा माझा लाडका मासा मजेत फिरत होता. मित्र खाली मान घालून चकल्या न्याहाळू लागला. त्याच्याशी बोलणं तेव्हापासून बंद आहे, पण त्याच्या बायकोचा तो कौतुकाचा स्वर आजही कानात आहे: "ओळखलं नाही का भाऊजी? तुमचेच तर आहेत! हे म्हणे, तुमाले कंटाळा आला म्हणून तुम्हीच देऊन टाकले!"