मोटारीवरची शाल

"तिले शाल नको, माय, वारा लागस."

शहाद्याच्या रस्त्यावर मोतीलालशेठची कापसातली सरकी काढायची जीन होती. गिरधर तिथं आधी तेलाच्या इंजिनावर होता. काळा धूर गिळत, इंजिनाची धडधड अंगात मुरवत तो तिशीला आला. मग वीज आली आणि इंजिनाच्या जागी भली थोरली मोटार बसली. ती गुरगुरायची थोडी, तापायची फार. दोन्ही टोकांच्या जाळ्यांतून आत जाणारा वाराच तिला निववायचा. आणि जिनात तर हवेतसुद्धा रुई. जाळ्या रुईनं बुजल्या की मोटार आतल्या आत धुमसायची.

गिरधर जाळ्या झाडून काढी, मग मोटारीच्या पाठीवर तळहात टेकून उभा राही. हात सुखानं टिकला, तर मुकाट्यानं बाहेर जाई. कामगार म्हणत, "गिरधर बाहेर गया, आते चिंता नही." तो आतच थांबला, की सारे हातातलं काम सोडून दाराकडे बघत.

मोटार बसल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. मोतीलालच्या आई तापीबाईंनी मोटारीला कुंकू लावलं, हार घातला आणि वारलेल्या नवऱ्याची जरीची शाल तिच्यावर पांघरली. शाल जाळ्या झाकून खाली लोंबत होती. खटका पडला, पट्टे फिरले. थोड्या वेळानं गिरधरनं हात टेकला आणि झटकन उचलला. आतल्या तारेवरच्या व्हार्निशचा कडवट वास सुटला होता. ती तार जळाली, तर निम्मा हंगाम गेलाच.

पण शालीला हात कसा लावायचा? आई गेल्यावर याच तापीबाईंनी त्याला जेवू घातलं होतं. त्यानं खटका ओढला. मोटार थांबली, आणि तो म्हणाला, "तिले शाल नको, माय, वारा लागस."

तापीबाई कडाडल्या, "मुहूर्तनी मोटार बंद करस? येडा व्हयना का रे?"

"ताप चढेल शे, माय."

"तापमा कोणी गोधडी काढस का?"

"तू हात लावी देख."

तापीबाईंनी कुंकवानं माखलेला हात मोटारीवर ठेवला आणि "अग माय!" म्हणून मागं घेतला. कुणीतरी फिसकन हसलं. तापीबाईंनी शालीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच ती उचलली, नीट घडी घातली. "त्यासले बी उकाडा सहन व्हये नही," त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

तेव्हापासून त्या जिनात एक रीतच पडली. दर दसऱ्याला तापीबाई थंड मोटारीवर शाल पांघरायच्या, हात जोडायच्या आणि आपल्या हातानं ती काढून घ्यायच्या. त्याशिवाय गिरधर खटक्याला हात लावत नसे.

पुढं एका दसऱ्याला, तापीबाईंना काठीशिवाय चालवत नव्हतं तेव्हाही, शाल त्यांनीच काढली. मोटार घुमू लागली. गिरधरनं जाळ्यांसमोर हात धरून वारा पाहिला, मग तळहात पाठीवर टेकवला. ऊब होती, गाईच्या अंगाला असते तेवढीच.

"कशी शे रे?" तापीबाईंनी विचारलं.

गिरधरनं हात पुसला आणि तो बाहेर निघून गेला.