निहारच्या मेलचं मी काय केलं

निहार, सई — हे मी कालपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुमच्या बाबालासुद्धा नाही. मुद्दाम मराठीत लिहितेय. इंग्रजीत मला सारवासारव फार चांगली जमते. नोकरीत तीस वर्षं तेच तर केलं. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. त्याला सांगा, एकही शब्द गाळायचा नाही.

कुठून सुरू करू? आजोबांच्या कॉम्प्युटरपासूनच करते.

आजोबा रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, हे तुम्हाला माहीत आहे. रिटायर झाल्यावर बाबाने त्यांना कुठल्याशा ऑफिसातून निघालेला छोटा कॉम्प्युटर आणून दिला. जाड शब्दकोशाएवढा डबा, बस. त्यावर ते घर काढायला शिकले. वाशीतली आमची दोन खोल्यांची जागा, जिथे तुमचा बाबा वाढला. रीडेव्हलपमेंटमध्ये ती बिल्डिंग पाडली. आम्ही कामोठ्याला आलो, आणि आजोबा आठवणीतून ते घर पुन्हा बांधायला बसले. खिडकीचे गज, मोरीचा कठडा, बाबाची उंची लिहिलेली दाराची चौकट. सगळं मापात.

पण घर आतून बघायला फिरवलं की चित्र अडकायचं. कुणीतरी सांगितलं, ग्राफिक्स कार्ड घाला. झालं! स्वस्तातलं हवं, आणि डबा इतका अरुंद की नेहमीचं कार्ड घातलं तर झाकण लागणार नाही. वीजही बेताची, त्यामुळे वेगळी वायर लागणारं चालणार नाही. ही सगळी माहिती इंग्रजीत. आणि आमच्या घरात इंग्रजी माझ्या हातून जातं. बँकेचं पत्र, डॉक्टरांचा रिपोर्ट, तुमचे मेल — मी वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी ऐकायचं. मी सांगितलेलं त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. कशाला पाहतील?

तीन-चार महिने मी वाचत होते. हे उंच, ते जाड, हे गरम होतं. ते स्टीलची पट्टी घेऊन डब्याच्या आत मोजायचे आणि पुन्हा हाक — ‘अगं, ते मघाचं परत वाच ना.’ माझ्या हातात कणीक असो नाहीतर पोथी. मी दमले होते. खरंच दमले होते. पण तेवढंच कारण असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

शेवटी त्यांनी तुला विचारायचं ठरवलं, निहार. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. तू चौदा वर्षांचा होतास. तुझं उत्तर चौथ्या दिवशी आलं. केवढं ते उत्तर! ‘डिअर आजोबा’ पासून सुरुवात. बुटकं कार्ड घ्या, कार्ड डब्याला बसवायची मागची छोटी पट्टी सोबत येते का ते दुकानदाराला आधी विचारा, वापरलेलं मिळालं तरी चालेल. कुठलं घ्यायचं त्याचं नाव, ते नाही मिळालं तर दुसरं नाव. सोबत हाताने काढलेलं एक स्केच. शेवटी, घर झालं की मला आत फिरवून आणा.

माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मी तुम्हाला दर महिन्याला लिहायची. नीट परिच्छेद पाडून, सणावारांची माहिती देऊन. त्याला तुमचं उत्तर यायचं — थँक्स आजी. दोन शब्द. आणि ज्यांना तुमची भाषा धड बोलता येत नाही त्यांना एवढं लांबलचक? आता सांगू का? — चौदा वर्षांच्या मुलाचा मला राग आला. आणि नवऱ्याचा हेवा वाटला.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, ‘काय म्हणतात निहारसाहेब?’

मी म्हटलं, ‘म्हणतो, त्या डब्यात काही बसणार नाही. नवीन घ्या, नाहीतर सोडून द्या.’

‘सोडून द्या’ हे शब्द तुझे नव्हते. माझे होते. त्यांनी कप खाली ठेवला, म्हणाले, ‘बरोबर आहे त्याचं. उगाच पोराला कामाला लावलं.’

त्याच दुपारी मी तुला लिहिलं की कार्ड आणलं, छान चालतंय, आजोबा खूश आहेत. म्हणजे एक खोटं इकडे, एक तिकडे. तू घराचा व्हिडिओ मागितलास. दोनदा. मी म्हटलं, काम चालू आहे. मग तू विचारणं सोडलंस. रविवारच्या कॉलवर तुझं मराठी अडखळायचं, त्यांचं इंग्रजी. मध्ये मी बसलेली असायची. कॉम्प्युटरचा विषय निघाला की मी सईच्या शाळेकडे वळवायची. किती सोपं होतं!

त्यांनी घर अर्धवट सोडलं. स्वयंपाकघराचा ओटा व्हायचा होता. दुकानात जाऊन विचारलं असतं तरी कुणीही सांगितलं असतं. पण नातवाने नाही म्हटल्यावर कुणाला विचारणार? नंतर त्यांचे डोळे गेले. कडेचं दिसतं, समोर बघतील ते पुसट. मी खोटं बोलले त्यानंतर दीड-दोन वर्षं त्यांना चांगलं दिसत होतं. त्या दिवसांचा हिशेब मी कुणाला देऊ?

मागच्या आठवड्यात तुझा मेल आला. डिसेंबरात येतोयस, आजोबांचं कॉम्प्युटरवरचं घर बघायचंय. म्हणजे पकडली जाणार म्हणून सांगतेय का मी? थोडं तेही आहे. नाही म्हणणार नाही.

काल सकाळी नाश्ता झाल्यावर मी त्यांना सांगितलं. सगळं, याच क्रमाने. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘कुठलं कार्ड सांगितलं होतं त्याने?’

मी तो जुना मेल काढला आणि पहिल्यांदा जसाच्या तसा वाचला, ओळ न ओळ. स्केचशी आले तेव्हा काय सांगावं कळेना. डब्याचा आतला भाग आहे म्हटलं, बाण आहेत, आकडे आहेत.

‘खाली उजव्या कोपऱ्यात बघ. स्केल लिहिलीये का?’

मी चित्र मोठं केलं. होती. तुझ्या बारीक अक्षरात. ‘वन इज टू वन,’ मी वाचलं.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, समोरासमोर, मध्ये कार्डाएवढी जागा सोडून.

‘म्हणजे खऱ्या मापात. प्रिंट काढून, कापून, आत धरून बघायला पाठवलं होतं पोराने,’ ते म्हणाले. ‘मला पट्टीने मोजावं लागू नये म्हणून.’

मी हो म्हटलं.

— आजी