हमीदाचाचींची बटव्याची गाठ

हमीदाचाची रोज सकाळी पहिला बटवा शिवून झाला की त्यात मूठभर खसखस भरायच्या, नाडी ओढायच्या आणि बटवा उलटा धरून झटकायच्या. एक दाणा जरी गळला तरी शिलाई उसवायच्या. बुधवार पेठेतल्या त्यांच्या दोन हात रुंद दुकानात हा नेम चाळीस वर्षं चालला. मग फुप्फुसाला बारीक भोक पडलं, छातीत हवा साठली आणि बरगड्यांमधून नळी घालून घेऊन चाची इस्पितळाच्या खाटेवर येऊन पडल्या.

पाचव्या दिवशी नळी काढायचं काम डॉक्टर उत्कर्षाकडे आलं. तिनं ते आधी कधी केलं नव्हतं. नळीभोवती दोरा गोल घालून ठेवलेलाच होता. सिस्टर दीपमालानं नळी ओढताक्षणी उत्कर्षानं तो आवळायचा. वाट उघडी राहिली तर हवा आत शिरणार, फुप्फुस पुन्हा मिटणार, पुन्हा नळी.

चाचींनी मान वाकडी करून दोरा पाहिला. "ही तर बटव्याची नाडी. आधी कधी ओढलीय?"

"ओढताना पाहिलंय," उत्कर्षा म्हणाली.

"मीही विमान उडताना पाहिलंय."

चाचींच्या उशीखालून बटवा निघाला. त्याच्या तोंडात पेन खुपसून तालीम सुरू झाली. खसखस नव्हती, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या द्वारकाबाईंनी लपवलेली साखर काढून दिली. त्यांचा मधुमेह आटोक्यात का येत नव्हता, तेही त्यामुळे सगळ्यांना कळलं.

दीपमालानं पेन ओढलं, उत्कर्षानं गाठ मारली, साखर चादरीवर.

"मुंग्यांची सोय झाली," चाची म्हणाल्या. "पुन्हा."

अकराव्या खेपेला एकही दाणा गळला नाही.

"आता खोल श्वास घेऊन रोखून धरा," उत्कर्षा म्हणाली. "मी सांगेपर्यंत बोलायचं नाही."

वॉर्डातल्या सगळ्यांना यातलं दुसरंच अवघड वाटलं.

चाचींनी गाल फुगवले. नळी निघाली. उत्कर्षानं दोरा आवळला, बोटं सफाईनं फिरली. पण चाची डोळे वटारून कुशीकडे खुणा करू लागल्या. चेहरा वांग्यासारखा झाला. हवा शिरली की काय, असं उत्कर्षाला वाटलं. तिनं खाली पाहिलं. जखमेवर दोन कानांची देखणी फुलगाठ बसली होती. एक टोक ओढलं की सुटणारी, अकरा वेळा घोटलेली.

दीपमालानं जखम घट्ट दाबून धरली. उत्कर्षानं कान सोडवले आणि एकावर एक तीन पक्क्या गाठी मारल्या.

"सोडा श्वास."

"बटवा पुन्हा उघडायचा असतो," चाची धापा टाकत म्हणाल्या. "मला नाही."

संध्याकाळच्या एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुगलेलं दिसलं. उत्कर्षानं तो तीनदा उजेडाकडे धरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी चाची घरी निघाल्या. जिन्यापाशी उत्कर्षानं त्यांना बजावलं, टाके काढायला पुढच्या गुरुवारी यायचं.

"शुक्रवारी येते," चाची म्हणाल्या. "त्या दिवशी दुकान बंद असतं."