वाघिणीची दुसरी बाजू

"दादा, नाना गेले," मीनल खालच्या मजल्यावरून फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठल्या यार्डात?"

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. मला खरंच तसं वाटलं. सकाळची वेळ, अर्धी दाढी झालेली, एका गालावर फेस आणि दुसऱ्या कानाला फोन. आणि विनायकराव पुराणिक ऊर्फ नाना म्हणजे असा माणूस, की 'गेले' म्हटलं की ते कुठेतरी रुळांच्या कडेला एखादा गंजलेला मालडबा बघायला गेले असणार, हे दहा वर्षांत मला पाठ झालं होतं; ते खाटेला लागलेत हे त्या क्षणी आठवलंच नाही. मग मीनल, म्हणजे नानांची एकुलती एक लेक, रडता रडता हसली. "नाही हो दादा… सच में गेले. चहा मागितला होता, मी घेऊन आले तोवर…" याला आता सहा आठवडे झाले. माणसाच्या जाण्याच्या बातमीला इतकं मूर्ख उत्तर आणखी कुणी दिलं असेल असं वाटत नाही. पण परवा मीनलच म्हणाली, "तुम्ही ते विचारलंत ना, नाना ऐकत असते तर खूश झाले असते." म्हणून लिहायला बसलो. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे. ती ज्यांच्यापाशी द्यायची होती ते निघून गेले, आता वाचकांच्या वाट्याला.

मी बँकेतला माणूस. बनारसला तीन वर्षांच्या बदलीवर आलो, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत पुराणिकांचा वरचा मजला भाड्याने घेतला, आणि निवृत्त झालो तरी तो सोडला नाही. पुराणिकांच्या घरात कितीतरी पिढ्यांची भिक्षुकी. नानांचे वडील अहिल्याबाई घाटावर छत्रीखाली बसून दक्षिणेकडून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे, आणि लहानग्या नानांनी शेजारी बसून मंत्र शिकायचे असा बेत होता. पण घाटावरून डावीकडे पाहिलं की खूप लांब, नदीच्या वळणावर, राजघाटचा पूल दिसतो. त्यावरून मालगाडी जायची. इतक्या लांबून आधी गाडी दिसते, आवाज मागाहून येतो, कधी कधी गाडी संपल्यावर येतो. हिवाळ्यात धुक्याने पूल पुसून टाकलेला असला की डबे नुसते हवेतून जायचे, एकामागून एक, पाण्यापासून सुटलेले… नाना ते मोजत बसायचे. एकदा वडिलांचा संकल्प ऐन रंगात आलेला असताना हे मोठ्याने म्हणाले, "सदतीस!" यजमान दचकले, त्यांच्या हातातलं पाणी सांडलं, आणि वडिलांनी कान पिळला. "आणि अडतिसावा निसटला ना हो," नाना सत्तर वर्षांनी मला सांगत होते, कान चोळत.

पुढे ते रेल्वेतच लागले, पुलापलीकडच्या मोठ्या यार्डात. मालगाडी सुटण्याआधी तिच्या कडेने चालत जायचं, हातोडीने चाकं ठोकायची, आवाज ऐकायचा, आणि डबा धडधाकट असला की त्याच्यावर खडूने 'फिट' लिहायचं, हे त्यांचं काम. एकट्याने तपासलेल्या पहिल्या डब्याचा नंबर त्यांना मरेपर्यंत पाठ होता. पण त्या दिवशी संध्याकाळी वरिष्ठांनी सहज विचारलं, दरवाजा कसा होता रे त्याचा? नानांना सांगता येईना. वरिष्ठ हसून म्हणाले, "देखा नहीं बेटा, सिर्फ पास किया." एवढंच. मी घाबरत विचारलं होतं, "मग पुढे त्या डब्याला काही अपघात वगैरे…?" "छे! काही नाही झालं. गेला आपला. पण मी त्याला पाहिलंच नाही ना, बँकवाले." हे सांगताना नाना खिडकीबाहेर बघत होते. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी छोटे छोटे मालडबे बनवण्यात घालवली ती त्या एका न पाहिलेल्या डब्यापायी, हे मला फार उशिरा कळलं.

वीतभर लांबीचे डबे. मूळच्या एका फुटाला तीन सूत, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर, हे माप. तुपाच्या डब्याचा पत्रा, खोजवा मोहल्ल्यातल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराकडून कातून आणलेली चाकं, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची गोल डोकी उठवायला ग्रामोफोनची बोथट सुई. पत्र्याच्या मागून सुई टेकवायची, श्वास रोखायचा आणि हलकेच दाबायची, की पुढच्या बाजूने मोहरीहून लहान पुळी उमटते. पण हातकाम हा त्यातला लहान भाग. एक डबा बांधायला चार महिने लागले तर तो खरा कसा होता हे शोधायला चार वर्षं. शोधाची वही होती, जाड, लाल कापडी पाठीची. तिच्यात तीन रकाने: काय कळलं, कोणी सांगितलं, पडताळा. जुन्या रेल्वेवाल्यांना पत्रं जायची. ओळखीपाळखीच्या घरांतले आल्बम मागवले जायचे, कारण स्टेशनावर काढलेल्या फोटोत मागे कुठेतरी मालडबा असतोच. माझ्या बायकोने कौतुकाने माझ्या वडिलांचा, पहिल्या नोकरीवर निघतानाचा फोटो दाखवला. नाना भिंग लावून पाच मिनिटं बघत राहिले, आणि हळहळून म्हणाले, "काय माणूस आहे हो… नेमका कडीच्या पुढ्यात उभा राहिलाय."

मी त्यांना दोनच गोष्टी दिल्या. पहिली खरी होती. बनारसच्या मराठी घरांत या डब्याला डिब्बा म्हणतात, मी म्हटलं, "नाना, आपल्याकडे वर्तमानपत्रात याला वाघीण छापतात. मालगाडीच्या तीन वाघिणी घसरल्या, असं." नाना सुई खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "शेरनी?" "साहेबाच्या वॅगनची वाघीण झाली असणार." "चल, मजाक करता!" शेवटी मी मोबाइलवर बातमी काढून दाखवली तेव्हा त्यांना इतकं हसू आलं, की ठसका लागून मीनलला पाणी आणावं लागलं. त्या दिवसापासून घरात वाघिणी नांदायला लागल्या. गॅसवाला आला की आतून आवाज: "धीरे भैया, अंदर बाघिन सो रही है." मग एका दुपारी खिडकीतून माकड आलं आणि वाळत ठेवलेली वाघीण उचलून पसार झालं. मी पायजम्यावर, अनवाणी, गल्लीतून ओरडत धावलो: "बंदर बाघिन ले गया! नाना की बाघिन ले गया!" पानवाल्याने हातातला चुना तसाच धरून शेजाऱ्याला विचारलं, "साहब सबेरे से भाँग छान लिए हैं का?" माकडाने एका पेरूच्या बदल्यात वाघीण परत दिली, छताला एका दाताची खूण ठेवून. नानांनी ती खूण बुजवली नाही. वहीत नोंद केली: "छतावरील पोचा. कारण: माकड. साक्षीदार: बँकवाले."

दुसरी गोष्ट मात्र…

त्या न पाहिलेल्या पहिल्या डब्याच्या जातीचे डबे दोन प्रकारचे निघाले होते, इथवर नानांचा शोध येऊन थांबला होता. दरवाज्याच्या डाव्या हाताला जी उभी पट्टी असते तिच्यावर काहींना रिव्हेटांची एक ओळ, काहींना दोन. आपला कोणता? त्याच खेपेत बांधलेला, मागचापुढचा नंबर असलेला एक डबा एका आडस्टेशनाजवळ चाकं काढून जमिनीवर ठेवलाय, कोठीसारखा वापरतात, असा सुगावा लागला. नानांचे गुडघे तोवर गेले होते. आणि मी बँकेच्या तपासणीसाठी नेमका त्याच बाजूच्या शाखेत चाललो होतो. नानांनी मला मोजपट्टी दिली, कागद दिला, आणि मुलाला परीक्षेला पाठवताना सांगावं तसं सांगितलं, "ओळ एक की दोन. आणि एकूण किती. स्वतः मोजायचं."

शाखेतल्या लोकांनी बाटी-चोखा खाऊ घातला. बाट्या तुपात बुडवलेल्या. मी खुर्चीत पाच मिनिटं डोळे मिटले ते परतीच्या गाडीच्या वेळेलाच उघडले. स्टेशनाकडे पळता पळता तो डबा दिसला, पन्नासेक पावलांवर, बाभळीच्या काट्यांत. आणि नेमकी त्या पट्टीपुढे एक म्हैस बांधलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि गाडीने शिट्टी दिली.

"एक ओळ," मी घरी येऊन म्हणालो. "बावीस." बावीसच का? शाळेत माझा हजेरी क्रमांक बावीस होता. खोटं बोलतानासुद्धा मला नवा आकडा सुचू नये! "स्वतः मोजलेत?" "स्वतः." "दोनदा?" "दोनदा," मी म्हणालो, आणि भरीला घातलं, "समोर म्हैस होती नाना, तिला बाजूला करून मोजलं." त्या अख्ख्या हकिकतीत म्हैस तेवढी खरी. नानांनी वहीत लिहून घेतलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बँकवाले, माझे डोळे झालात तुम्ही." मी वर गेलो आणि बायकोने जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणालो. ती म्हणाली, "बाट्या बाधल्या." बाधलं होतं खरंच.

त्यानंतर दोन हिवाळे नाना ती वाघीण बांधत होते, आणि मी कबुलीची वाक्यं बांधत होतो. जिना उतरताना वाक्य तयार असायचं. दारात पोचलो की नाना सुई धरून वाकलेले, खिडकीतून नदीवरचं पांढुरकं ऊन त्यांच्या पाठीवर, आणि ते न बघताच बोलायचे, "बसा. सोळावा चाललाय." आता सोळाव्या रिव्हेटाला कसं सांगणार की तू मुळात नाहीसच? मी बसायचो. सुई टेकायची, थांबायची, दाबायची… खालून होडीवाल्यांच्या हाका यायच्या आणि त्या खोलीत सगळंच असं सावकाश व्हायचं, की माझं खोटंही हळूहळू जुनं आणि खरं झाल्यासारखं वाटायचं. मधे एक दिवस घर बंद दिसलं. मीनलने संध्याकाळी सांगितलं, नानांना डोळे दाखवायला नेलं होतं. मी म्हटलं, बरं केलंत.

शेवटची भेट ते जाण्याच्या चार दिवस आधीची. नाना खाटेवर, समोरच्या फळीवर ती वाघीण, पुरी झालेली, गेरूसारखा रंग, त्यावर कोळशाची धूळ बसल्याची अगदी हलकी काजळी. दरवाज्याजवळ एक ओळ. मी लांबूनच ओळखली, माझी बावीस. आणि दरवाज्यावर पांढऱ्या खडूने मुंगीच्या अक्षरात 'फिट'. मला राहवेना. मी म्हटलं, "नाना, त्या बाविसांबद्दल मला जरा…" "झकास आलेत," नाना म्हणाले. मी उठून वाघीण हातात घ्यायला गेलो, तर एवढ्या अशक्त माणसाचा आवाज एकदम यार्डातला झाला: "ओ! वळवू नका तिला. रंग ओला आहे." मी हात मागे घेतला. रंग महिन्याभरापूर्वी दिलेला होता. पण मी बँकेतला माणूस, लिहिलेलं आणि सांगितलेलं खरं मानणारा.

नानांना अग्नी देऊन मणिकर्णिकेहून आम्ही होडीने परतलो. पुलावरून मालगाडी गेली, आणि मी मनात मोजायला लागलो, त्यांच्यासाठी म्हणून. एकोणतीसला डोळ्यांत पाणी आलं आणि हिशेब चुकला. आवाज आमच्यापर्यंत आला तेव्हा पूल रिकामा होता.

तेरावा झाल्यावर मीनलने मला खाली बोलावलं. "नाना म्हणाले होते, ही दादांची." वाघीण तिने माझ्या हातात ठेवली आणि मी ती, पहिल्यांदाच, वळवली. दुसऱ्या बाजूला दरवाज्याच्या डावीकडे दोन ओळी होत्या. मी मोजल्या. अठरा आणि अठरा. छत्तीस.

"तुम्हाला नाही माहीत?" मीनल म्हणाली. "अहो, आम्ही गेलो होतो ना तिकडे. ऑटो करून. मला म्हणाले, दादांना सांग डोळे दाखवायला गेलो. इतनी तकलीफ झाली त्यांना, मी आणि ऑटोवाल्याने धरून नेलं. आणि दादा, वहाँ सच में भैंस थी! तिला बघून इतके खूश झाले, म्हणाले, चला, म्हैस निघाली." तेव्हा एक बाजू बांधून झाली होती. मीनलने विचारलं होतं, आता ही मोडणार? तर नाना म्हणाले, "कशाला? एका वेळी एकच बाजू दिसते."

मग तिने वही उघडून दाखवली. माझी नोंद होती: एक ओळ, बावीस, म्हैस, सांगणार, बँकवाले. पडताळ्याच्या रकान्यात नानांचं थरथरतं अक्षर: "दोन ओळी, छत्तीस. म्हैस बरोबर."

वाघीण आता माझ्या खिडकीत आहे. छत्तीसच्या बाजूला खडू नाही. 'फिट' लिहिलंय ते माझ्या बाजूला. पाहुणे आले की मी तीच बाजू पुढे ठेवतो, आणि कुणी विचारलं तर म्हशीपासून सगळं सांगतो. सकाळी मात्र, चहा झाल्यावर, लांबवर पुलावरून काही जात असो नसो, मी तिला वळवतो आणि पट्टीवरून बोट फिरवत मोजतो. वरून खाली अठरा, पुन्हा वरून खाली अठरा. बायको आतून विचारते, "झालं का मोजून?" मी म्हणतो, "थांब… अजून एकदा."