चार बोटं उघडी खिडकी

वालेंती द्रोज्दनं तळघरात कार्प मासे पाळलेत, ही बातमी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या इमारतीचे चारही मजले चढून गेली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ताटात कार्प नाही असं घर आमच्या या पोलंडातल्या सुवाऊकी गावात सापडायचं नाही. त्यामुळं दोघीतिघींनी त्याला जिन्यात गाठून आपापला मासा सांगूनही ठेवला. एकीनं तर काटे कमी असलेला सांगितला.

मासे नव्हते. टब होते, चिखल होता, तळ्याचा वास टपालपेट्यांपर्यंत येत होता, हे सगळं खरं. पण त्या चिखलात निजली होती ती कमळं. शहराबाहेरच्या बागेच्या तुकड्यावर वालेंतीचं गुडघाभर खोल तळं आहे. इथल्या थंडीत ते तळापर्यंत गोठतं. म्हणून ऑक्टोबरात तो पानं छाटून कंद घरी आणतो आणि तळघरात, खारवलेल्या काकडीच्या बरण्यांशेजारी ठेवतो. त्यातल्या पिवळ्या कमळाला सहा वर्षांनी या जुलैत पहिलं फूल आलं. नेमका तेव्हा हा गडी पित्ताच्या खड्यांपायी इस्पितळात. घरी सोडलं त्याच दिवशी फूल मिटून बुडालं. शेजारच्या तुकड्यावरच्या माणसानं मात्र ते चार दिवस पाहिलं, आणि अजून रंगवून रंगवून सांगत असतो.

यंदा इमारतीनं गरम पाण्याचा नवा नळ तळघरातून नेला. सगळे खूश. वालेंती मात्र थर्मामीटर बघायला धावला. पारा चार अंशांवरून बारावर गेला होता. चिखलात बोट घातलं तर पिवळ्याला फिक्कट कोंब फुटलेला. आत्ता उगवलं तर अंधारात सगळा जीव खर्चून बसणार आणि मे महिन्यात नुसता चिखल उरणार. सत्तरी गाठलेल्या माणसानं आणखी सहा वर्षं कुठून आणायची?

त्यानं तळघराची खिडकी चार बोटं उघडली. सकाळी बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. तारेनं बांधली, तर तार सोडवून, नीट गुंडाळी करून त्याच्याच दाराच्या मुठीला अडकवलेली. त्याची झोप उडाली. दिवसातून पाच वेळा जिना उतरायचा, कोंबाला बोट लावायचं, लांबला की काय बघायचं. शेवटी एका दुपारी तो बरण्यांच्या आड स्टुलावर दबा धरून बसला.

आल्या तळमजल्यावरच्या लुत्सीनाबाई. पायात जाड लोकरी नमद्याच्या सपाता, हातात बटाट्याचं खोकं. खोकं पालथं घालून त्यावर चढल्या आणि खिडकी ओढली.

“राहू द्या बाई, उघडीच राहू द्या,” अंधारातून आवाज आला.

बाई खोक्यावरून पडता पडता राहिल्या. मग तिथूनच त्यांनी तोंड सोडलं. तुमच्या खिडकीच्या वर माझी स्वयंपाकघरातली फरशी आहे, ती बर्फासारखी गार पडते, गुडघे असे धरलेत की चर्चमध्ये सगळे गुडघे टेकतात तेव्हा मी एकटीच उभी असते, लोकांना वाटतं मला देवाचा राग आलाय. आणि एवढं सोसायचं कशासाठी, तर माशांसाठी. बरं, माझा मासा तरी किती वाढला?

वालेंतीनं पिवळ्याच्या टबावरची फळी सरकवली. बाईंनी वाकून पाहिलं. मासा नाही म्हटल्यावर आधी रागावल्या; यंदा कार्प माझ्याकडून, असं बहिणीला कधीचं सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी तो पांढुरका कोंब पाहिला, आणि त्यावर हळूच टेकलेलं वालेंतीचं बोट पाहिलं.

“माझी बाल्कनी काचेची आहे, उत्तरेकडची,” त्या म्हणाल्या. “बटाटे राहतात तिथं. गोठत नाहीत, उगवत नाहीत. उचला तुमचा चिखल. पण ही खिडकी लावायची.”

दोघांनी मिळून एकेक करत सगळे टब वर नेले. वालेंतीच्या जिवाला तिथंही स्वस्थता नाही. बाहेर उणे वीस झालं की गोठेल म्हणून रजई गुंडाळतो, पारा वर चढला की काढतो. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर वाचायला जातो. कोंब थांबलाय, तगलाय का, ते मे महिन्यापर्यंत कळायचं नाही.

आता आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना आयतीच नवी बातमी मिळाली. परवा टपालपेट्यांपाशी कुणीतरी डोळे मिचकावत विचारलंच, वालेंतीसाहेब, दिवसातून दोनदा लुत्सीनाबाईंकडं, म्हणजे काय समजायचं?

तो किल्ली शोधत म्हणाला, “तिथं चार अंश असतात. चार अंशांत काही उगवत नाही. म्हणून तर जातो.”